आलिनाफेचा मामा

आलिनाफेच्या लग्नाचं सगळं जमलं होतं, फक्त मामा जमत नव्हता.

मुलगा चांगला होता. लिम्बानी त्याचं नाव. देद्झाच्या बाजारात सायकली दुरुस्त करायचा, दारूला शिवायचा नाही आणि आलिनाफे, म्हणजे सगळ्यांची नाफे, समोर आली की हातातला पाना खाली पाडायचा. नाफेने तो आवडतो असं कधी तोंडाने म्हटलं नव्हतं. पण तिच्या सायकलीची धडधाकट साखळी वरचेवर निसटायला लागली, तेव्हा तिला वाढवणाऱ्या एनेलेसीने काय ते ओळखलं. कोंबडीही तयार होती, पांढरीशुभ्र, एकही काळं पीस नसलेली. एनेलेसी तिला स्वतःच्या ताटातला मक्याच्या न्सिमाचा घास भरवायची आणि शेजारणींना सांगायची, "हिचा थाट बघा, जणू हिचंच लग्न आहे."

घोडं अडलं होतं ते मामापाशी. या डोंगरांत मुलाचा मामा कोंबडा घेऊन येतो आणि मुलीचा मामा कोंबडी घेऊन बसतो. दोघं बोलतात, एकमेकांना टोमणे मारतात, कोंबड्या बदलतात आणि सोयरीक पक्की होते. चर्चमधलं लग्न त्यानंतर, सवडीने. पुढे कधी नवऱ्याचा हात उठला किंवा बायको भांडी आपटून निघाली, तर हेच दोन मामा परत बसतात आणि गाडं रुळावर आणतात. मामाशिवाय झालेल्या लग्नाला इथे कोणी लग्न म्हणत नाही. दोन माणसं एका घरात लपली, एवढंच म्हणतात.

नाफेला कुठून मामा असणार? आईबाप दोघंही तिला दात यायच्या आत गेले होते. मिशनच्या सिस्टर उर्सुलांनी तिला सरकारी दवाखान्यातून उचलून आणलं ते एका पुठ्ठ्याच्या खोक्यात, साबणाच्या.

सिस्टर उर्सुलांची कामाची एक पद्धत होती आणि ती त्यांच्या हॉलंडमधल्या वरिष्ठांना कधीच पटली नव्हती. वरिष्ठांना हवा होता एक मोठा अनाथाश्रम, खाटांच्या रांगा आणि दारावर पाटी. सिस्टरनी त्या पैशातून मिशनच्या उतारावर लहान लहान घरं बांधली. नवरा मेल्यावर दिरांनी भांड्यांसकट बाहेर काढलेल्या बाया वाटेल तिथून चालत मिशनवर यायच्या. सिस्टर प्रत्येकीला एक घर, एक बटाट्याचं वावर आणि एक कुदळ द्यायच्या, आणि चौथी गोष्ट म्हणून हातात एक मूल ठेवायच्या. बाई म्हणायची, सिस्टर, मलाच खायला नाही, ह्याला काय घालू? सिस्टर म्हणायच्या, "आधी त्याला घाल, मग तुलाही भूक लागेल." बोलणं असं तोडून. पण शोकाने जेवण सोडलेल्या कितीतरी बाया त्या एका वाक्यावर जेवायला लागल्या होत्या.

एनेलेसी त्यांतलीच. तंबाखूच्या मळ्यावर नवरा गेला आणि ती मिशनच्या पायरीवर येऊन बसली. रडायची नाही, बोलायची नाही. सिस्टरनी साबणाचं खोकं तिच्या मांडीवर ठेवलं आणि म्हणाल्या, "मला बाजारात जायचंय, जरा धर." त्या बाजारातून आल्याच नाहीत, म्हणजे आल्या, पण खोकं परत मागितलं नाही. संध्याकाळी एनेलेसी नाफेला पाठीवर बांधून, दूध मागत घरोघर फिरत होती.

तीच एनेलेसी पुढे सगळ्या उतारावरची सर्वांत मोठ्या आवाजाची बाई झाली. ईस्टरच्या मिस्सेला तिने जीभ नाचवून किलकारी दिली की चर्चच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची. नाचायला लागली तर ढोल वाजवणारे दमायचे, ही नाही. आणि नाफे परकर नेसायला लागल्यापासून एनेलेसीने सगळ्यांना बजावून ठेवलं होतं, "माझ्या पोरीची सोयरीक होईल त्या दिवशी मी आईच्या जागेवर असेन, आणि असं नाचेन की तुमच्या अंगणाची माती बदलावी लागेल."

त्या आठवड्यात लिम्बानी निरोप घेऊन आला. नजर जमिनीवर.

"मामा विचारतात, शनिवारी आम्ही कोंबडा घेऊन येऊ, पण बोलायचं कोणाशी?"

"लुकासी गुरुजी आहेत की," एनेलेसी म्हणाली.

लिम्बानीने मान आणखी खाली घातली. "मामा म्हणतात, ते सोडून कोणीही."

लुकासी म्हणजे मिशनचे धर्मशिक्षक. गरीब, देवभोळा माणूस. मिशनच्या प्रत्येक मुलीचा मामा म्हणून तेच बसायचे आणि तोपर्यंत कोणी हरकत घेतली नव्हती. पण लिम्बानीचे मामा, काचिंग्वे, यांच्या चुलतभावाची सून मिशनचीच मुलगी. त्या जोडप्याचं भांडण झालं तेव्हा काचिंग्वे रीतीप्रमाणे लुकासींकडे गेले. लुकासींनी विचारलं, "कोणती हो? ती उंच की ती सारखी शिंकणारी?" मग त्यांनी मन लावून, प्रार्थना करून, अर्धा दिवस घालवून भांडण मिटवलं, आणि ते भलत्याच जोडप्याचं निघालं. काचिंग्वे तेव्हापासून म्हणत, जो सगळ्या डोंगराचा मामा, त्याला मी मामा मानत नाही.

दोन दिवसांनी उतारावरच्या सगळ्या विधवा निलगिरीच्या झाडांखाली घेवडा सोलायला बसल्या. हात घेवड्यावर, तोंडं मामावर. सिस्टर उर्सुलाही एका मोडक्या खुर्चीत बसून सोलत होत्या.

"दुकानदाराला विचारलं," एकजण म्हणाली. "तो म्हणतो, माझ्या स्वतःच्या भाच्याच मला पुरे झाल्यात."

"मिशनचा ड्रायव्हर?"

"त्याची बायको त्याला महिन्यातून एकदा हाकलते. तो कोणाचं काय मिटवणार?"

सिस्टर म्हणाल्या, "मामा नसेल तर नसेल. फादर लग्न लावतील. देवाने आदामाला विचारलं नव्हतं, तुझा मामा कुठे म्हणून."

डोरोफे नावाची म्हातारी त्यांच्यात सर्वांत जुनी. दात नव्हते, पण बोलणं चावायचं. "सिस्टर, लग्न फादर लावतील. तुटायला आलं तर कोण जोडील? फादर? परवा ते स्वयंपाकिणीशी मिठावरून भांडले ते अजून बोलत नाहीत."

सिस्टरनी घेवड्याची एक शेंग उगाच दोनदा सोलली.

आता एक गोष्ट सांगायला हवी, कारण एनेलेसी ती त्या वेळी सांगत नव्हती. मामा होता. तिला पक्कं ठाऊक होतं की होता.

तिचा थोरला भाऊ योसेफाती तिच्या नवऱ्याच्या पाठोपाठ वर्षाच्या आत गेला. इथे माणूस पुरतात, पण त्याचं नाव पुरत नाहीत. सुतक फिटायच्या दिवशी घरातल्या कोणावर तरी ते नाव घालतात, आणि ज्याच्यावर घातलं तो त्या दिवसापासून मेलेल्याच्या जागी उभा राहतो. त्याच्या बहिणींचा भाऊ, त्याच्या भाच्यांचा मामा. पोराटोरांवर म्हाताऱ्याचं नाव पडतं आणि चुलत्या-आज्या त्याला अदबीने हाक मारतात, त्यात कोणी हसत नाही. योसेफातीच्या घरात तेव्हा पुरुष उरला नव्हता. ना भाऊ, ना भाचा. उरली होती फक्त एनेलेसी. गावप्रमुखांनी तिच्या डोक्यावर पीठ टाकलं आणि सगळ्यांसमोर म्हटलं, योसेफाती परत आला.

ती तेव्हा दुःखात होती. पीठ झटकलं, घरी आली, पोरीला दूध पाजलं आणि विसरली. लोकही विसरले. बाईवर पुरुषाचं नाव क्वचितच पडतं, आणि तिला त्या नावाने हाक मारायला घरात कोणी राहिलंच नव्हतं.

पण लिम्बानीचा निरोप आला त्या क्षणीच तिला आठवलं. आणि आठवूनही ती गप्प बसली. कारण मामाचं काम तिला माहीत होतं. मामाने खुर्चीत ताठ बसायचं. मोजकं बोलायचं. हसायचं नाही, नाचायचं नाही, किलकारी तर नाहीच. आणि मामा झालेल्या माणसाने आईच्या जागेवर पाऊलही ठेवायचं नाही. ती जागा एनेलेसीने मनात किती वर्षं झाडूनपुसून ठेवली होती. दुसरा कोणीतरी मामा मिळेल, देव काहीतरी करेल, असं म्हणत तिने दोन दिवस काढले. देव सकाळच्या प्रार्थनेत काही बोलला नाही. तिला वाटलं, तो मुद्दाम गप्प बसलाय, आपल्यासारखाच.

तेवढ्यात नाफे पाण्याची बादली डोक्यावर घेऊन वर आली. बादली उतरवून ती कमरेच्या कापडाच्या टोकाने तोंड पुसत म्हणाली, "आई, नको ना एवढा घोर लावून घेऊ. मी अशीच जाते लिम्बानीकडे. मामा-बिमा मागून बघू."

"अशीच म्हणजे?" डोरोफे म्हणाली. "पळून?"

"पळून कशाला? चालत जाईन." नाफे हसली, मग तिचं हसू जरा ओसरलं. "लोक म्हणतील, कोणाचीच नाही ही. म्हणू देत. खोक्यातूनच आले ना मी."

एनेलेसीच्या हातातली शेंग हातातच राहिली. कोणाचीच नाही! ताप आला की रात्ररात्र जिला छातीशी धरलं, जिच्या शाळेच्या गणवेशासाठी बटाट्याची पोती डोक्यावरून बाजारात नेली, ती कोणाचीच नाही? तिला स्वतःचा असा राग आला की कानशिलं तापली.

"मामा आहे," ती म्हणाली.

सगळ्यांचे हात थांबले. "कुठे आहे?"

"इथेच बसलाय. घेवडा सोलतोय."

बायकांनी आजूबाजूला पाहिलं. झाडाखाली पुरुष नव्हता. मग डोरोफेने आपल्या मांडीवर फाडकन हात मारला. "योसेफाती! अगं बाई, पीठ टाकलं तेव्हा मी होते की तिथे. तुझ्या डोक्यावरचं पीठ माझ्या डोळ्यांत गेलं होतं."

मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. सिस्टरना नीट समजावून सांगावं लागलं. त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. बायकांना वाटलं, आता सिस्टर नाक मुरडणार, हे आपल्या धर्मात बसत नाही म्हणणार.

सिस्टर म्हणाल्या, "आम्ही बाप्तिस्म्याच्या वेळी डोक्यावर पाणी ओततो, नाव देतो आणि म्हणतो, हा नवा माणूस. तुम्ही पीठ टाकता, नाव देता आणि म्हणता, हा जुना माणूस परत आला. मी कोण नाक मुरडणार? आणि खरं सांगू? लुकासींना मामा म्हणून बसवायचे तेव्हा मला दर वेळी कबुलीजबाब द्यावासा वाटायचा. हे निदान खरं आहे."

डोरोफेने एनेलेसीकडे डोळे बारीक करून पाहिलं. "म्हणजे तुला नाचता यायचं नाही."

"ठाऊक आहे."

"किलकारीसुद्धा नाही."

"ठाऊक आहे म्हटलं ना, म्हातारे."

नाफे पुढे आली. "आई..."

"मामा म्हण," एनेलेसी म्हणाली. "सवय कर. शनिवारी चुकून आई म्हणालीस तर काचिंग्वे कोंबडा घेऊन परत जाईल." ती हसत हसत उठली, घेवड्याची टोपली उचलली आणि घरामागे गेली. तिथे कोंबडीशेजारी उकिडवी बसून ती भरपूर रडली. कोंबडीने तिच्या हातातला दाणा खाल्ला आणि आणखी मागितला.

गावप्रमुखांकडे निरोप गेला. ते आता थकले होते, पण म्हणाले, मीच नाव घातलं, मीच येऊन साक्ष देईन. तो प्रश्न सुटला. त्याहून अवघड प्रश्न पुढे आला, तो म्हणजे आईच्या जागेवर कोण बसणार. विधवा सगळ्याच म्हणायला लागल्या, मी. एकीने नाफेला गोवरात सांभाळलं होतं, एकीने तिला भाकऱ्या थापायला शिकवल्याचा दावा केला, आणि या भागात भाकऱ्या कोणी थापत नाही हे लक्षात आल्यावर बटाटे भाजायला शिकवलं म्हणाली. दोघींचं तर बोलणंच बंद झालं. शेवटी डोरोफेने निकाल दिला, "एकमेकींना द्यायची नाही ना? मग सिस्टरना द्या. खोकं त्यांनीच आणलं होतं."

"मला नाचता येत नाही," सिस्टर घाबरून म्हणाल्या.

"दर ईस्टरला खांबासारख्या उभ्या असता, ते बघतोच आम्ही," डोरोफे म्हणाली.

शनिवार उजाडला तो लख्ख. डोंगरावरचं धुकं लवकर उठलं. अंगणात सारवण झालं, आंबिलीसारख्या थोब्वाचे हंडे भरले, घेवडा आणि बकऱ्याचं मटण शिजायला लागलं, आणि लुकासी गुरुजींनी आपला एकुलता एक कोट स्वतः इस्त्री करून एनेलेसीला आणून दिला. "मला बरं वाटलं," ते म्हणाले. "मला त्या मुलींची नावं कधीच लक्षात राहिली नाहीत. फार लाज वाटायची." कोट खांद्यात ढगळ आणि पोटावर तंग होता. एनेलेसीने तो घातला, चपला काढून बूट घातले, मांडीवर पांढरी कोंबडी घेतली आणि पुरुषांच्या बाजूला गावप्रमुखांशेजारी खुर्चीत बसली. पलीकडे चटईवर बायका, मधोमध पांढऱ्या झग्यात सिस्टर उर्सुला. नाफे घरात, तोंडावरून कापड ओढून.

काचिंग्वे आले. उंच, वाळके, डोक्यावर जुनी हॅट, बगलेत लाल कोंबडा. मागे लिम्बानीच्या घरचे, त्यांच्यामागे बायकांचं गाणं. काचिंग्वेंनी हॅट काढली, खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि थांबले.

"आम्ही मामाला भेटायला आलोय," ते म्हणाले. "मावशीला नाही. बाई, तुम्ही त्या चटईवर शोभाल."

बायकांचं गाणं बंद पडलं. घराच्या दारात कापडाखाली नाफे हलली, ते एनेलेसीला दिसलं. तिने मांडीवरची कोंबडी घट्ट धरली.

गावप्रमुख काठीवर भार देत उठले. "सुतक फेडताना मी हिच्यावर योसेफातीचं नाव घातलं. घरात पुरुष नव्हता. ही योसेफाती आहे, आणि ही पोर योसेफातीची भाची आहे. ज्याला रीत मोडायची असेल त्याने माझ्यासमोर मोडावी."

काचिंग्वे रीतीचे पक्के. रीत नाही म्हणून ते अडून बसले होते, आता रीतच त्यांच्या वाटेत येऊन उभी राहिली. पण त्यांनी डोळे किलकिले केले. "योसेफाती? तंबाखूच्या बाजारात यायचा तो? डाव्या पायाने जरा लंगडायचा?"

"तोच," गावप्रमुख म्हणाले.

"मी ओळखतो त्याला." काचिंग्वे एनेलेसीच्या समोर येऊन उभे राहिले आणि खाली वाकून तिच्या तोंडाकडे पाहत म्हणाले, "योसेफाती, तू बावो खेळताना लबाडी करायचास. खड्ड्यांतल्या बिया लपवायचास."

सगळ्यांना कळलं की ही परीक्षा आहे. बाई भावाची बाजू घेऊन बोलली, माझा भाऊ असा नव्हता म्हणाली, की ती बहीणच ठरणार. एनेलेसीला भावाचा चेहरा आठवला. तो हरला की बियांना शिव्या द्यायचा आणि जिंकला की समोरच्याला. तिने आवाज खाली ओढला.

"मी कशाला लपवू? तुला मोजता येत नव्हतं. आणि दर वेळी हरलास की म्हणायचास, आज उजेड कमी आहे."

काचिंग्वेंच्या तोंडाचा आ झाला. मग हॅट मांडीवर आपटत ते हसायला लागले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "उजेड कमी होता रे. खरंच कमी असायचा." ते खुर्चीत बसले आणि त्यांनी आपली खुर्ची तिच्या खुर्चीजवळ ओढली. "बरा भेटलास. मला वाटलं, गेलास."

पुढची बोलणी जशी व्हायची तशी झाली. काचिंग्वे म्हणाले, आमचा एक कोंबडा वाट चुकलाय, तो सारखा तुमच्याच अंगणाकडे बघून आरवतो. एनेलेसी म्हणाली, आरवणारे पुष्कळ येतात, दाणे आणणारा आहे का? काचिंग्वे म्हणाले, दाणे आणतो, वर सायकलही दुरुस्त करतो. मग त्यांनी आवाज बदलला.

"चेष्टा पुरे. उद्या माझ्या भाच्याने हिला त्रास दिला तर ही कोणाकडे येईल?"

"माझ्याकडे," एनेलेसी म्हणाली. "आणि मी तुझ्याकडे येईन. पण एकटा येणार नाही. त्या चटईवर बसल्यात ना, त्या सगळ्या माझ्या बहिणी. त्या सगळ्यांना घेऊन येईन. त्या तुझ्या दारात बसतील आणि मिटेपर्यंत उठणार नाहीत. जेवायला तुलाच घालावं लागेल."

काचिंग्वेंनी चटईकडे पाहिलं. डोरोफेने बिनदातांचं तोंड भरून हसून दाखवलं.

"लिम्बानी," ते मागे वळून म्हणाले, "हिला कधी त्रास देऊ नकोस रे बाबा."

नाफेला बाहेर आणलं. बायकांनी तिच्या तोंडावरचं कापड दूर केलं. ती गुडघ्यांवर बसली, आणि एनेलेसीने मामाने विचारायचा प्रश्न विचारला, "पोरी, ह्या लोकांना ओळखतेस? ह्यांचा कोंबडा घेऊ का? तू नको म्हणालीस तर आत्ता परत पाठवतो."

"ओळखते," नाफे म्हणाली. "घ्या, मामा."

तो शब्द एनेलेसीनेच शिकवला होता, पण ऐकताना आतून काहीतरी ओढून काढल्यासारखं झालं. तिने मान ताठ ठेवली. कोंबडी दिली, कोंबडा घेतला, आणि अंगणात ढोल सुरू झाले. बायका नाचायला लागल्या. सिस्टर उर्सुलांना चटईवरून उठवून मध्ये ढकललं. इतकी वर्षं या डोंगरात राहून त्या कधी नाचल्या नव्हत्या. त्या दोन्ही हात वर करून एका जागी उड्या मारायला लागल्या, तोंडाने किलकारी द्यायला गेल्या, आणि निघाला तो शेळीला ठसका लागल्यासारखा आवाज. सगळं अंगण लोटपोट झालं. लुकासी गुरुजी भिंतीला टेकले. एनेलेसी ओठ चावून, कोंबडा गच्च धरून बसली. तिचे पाय बुटांच्या आत ताल धरत होते. काचिंग्वे कानाशी लागून म्हणाले, "हसू नकोस हां योसेफाती. मामा आहेस." त्यांचेही खांदे हलत होते.

ढोल थांबले तेव्हा काचिंग्वेंची बहीण पुढे आली. तिच्या हातांवर गुंडाळायचं नवं कोरं कापड, चितेंजे होतं, निळं, मोठ्या पिवळ्या फुलांचं. "हे मुलीच्या आईला," ती म्हणाली. "हिला पाठीवर बांधून वाढवलं, त्या कापडाची भरपाई आम्ही करतो. हे दिल्याशिवाय आम्ही मुलगी मागत नाही." आणि ती सिस्टर उर्सुलांसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली.

सिस्टर धापा टाकत होत्या. त्यांनी कापडाकडे पाहिलं, हात पुढे केले आणि मागे घेतले. "हे मला घेता येणार नाही. मी हिला खोक्यातून आणलं. पाठीवर एक दिवससुद्धा घेतलं नाही. देव बघतोय." मग त्या ओशाळल्या. "नाफे, सांग बाई आता काय करायचं ते. मी तुमची रीत मोडली का?"

नाफे उठली. तिने काचिंग्वेंच्या बहिणीसमोर वाकून ते कापड घेतलं. चटईवरच्या सगळ्या विधवा तिच्याकडे पाहत होत्या, गोवर काढणारी, बटाटे भाजणारी, सगळ्याच. ती त्यांच्यामधून चालत गेली, पुरुषांच्या बाजूला, जिथे नव्या नवरीने जायचं नसतं. एनेलेसीच्या खुर्चीपाशी थांबली. लुकासींच्या कोटावरून, कमरेभोवती तिने ते कापड गुंडाळलं आणि पुढे गाठ मारली.

काचिंग्वे खुर्चीतून अर्धे उठले. "अगं, मामाला पाठीचं कापड? असं कुठे असतं?"

"माझ्या मामाने मला पाठीवर बांधून वाढवलंय," नाफे म्हणाली. "दूध मागत दारोदार फिरला माझा मामा, मला पाठीवर घेऊन. तुमच्यात आहे का असा कोणी?"

काचिंग्वेंनी गावप्रमुखांकडे पाहिलं. गावप्रमुख काठीकडे पाहत राहिले. काचिंग्वेंनी आपल्या माणसांवर नजर फिरवली, जणू खरोखरच शोधत होते, आणि मग खाली बसले.

"नाही बुवा," ते म्हणाले. "आमच्यात असा मामा नाही."

एनेलेसीच्या डोळ्यांतून पाणी घळाघळा वाहायला लागलं. ते पुसायला तिचे हात मोकळे नव्हते, म्हणून तिने कोंबडा काचिंग्वेंच्या मांडीवर ठेवला. मग ती कोटासकट, बुटांसकट, निळ्या चितेंजेसकट उठली, नाफेला दोन्ही हातांनी जवळ ओढलं आणि कोणी काही म्हणायच्या आत तिला घेऊन नाचायला लागली.